बालकांची गोपनीयता आणि यूट्यूबवरील निर्माते : नियम कोणासाठी, भार कोणावर?

सप्टेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेतून एक बातमी आली. डिस्ने या जगप्रसिद्ध करमणूक कंपनीने तेथील शासनाबरोबर तडजोड करून एक कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. मिकी माऊसच्या या कंपनीवरील आरोप ऐकला, तर तो वरवर किरकोळ वाटेल. यूट्यूबवर चढविलेल्या आपल्या काही चित्रफितींवर ‘मुलांसाठी बनविलेली’ अशी खूण तिने केली नव्हती, असे शासनाचे म्हणणे होते. एका खुणेपायी एवढी मोठी रक्कम का भरावी लागते, आणि हीच खूण घरच्या घरी बडबडगीतांच्या चित्रफिती तयार करणाऱ्या एखाद्या सामान्य निर्मात्याची झोप का उडविते, हे समजून घेण्याजोगे आहे. आपल्या घरातील लहान मूल ज्या पडद्यासमोर बसून जेवते, त्या पडद्यामागील व्यवहाराशी या प्रश्नाचा थेट संबंध आहे.

त्यासाठी सुमारे पाव शतक मागे जावे लागते. ऑक्टोबर १९९८ मध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या स्वाक्षरीने अमेरिकेत ‘चिल्ड्रन्स ऑनलाइन प्रायव्हसी प्रोटेक्शन ॲक्ट’ हा कायदा झाला आणि एप्रिल २००० पासून तो अमलात आला. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘कॉपा’ म्हणतात. तेरा वर्षांखालील मुलाची वैयक्तिक माहिती इंटरनेटवरून गोळा करावयाची असेल, तर आधी त्याच्या आईवडिलांना कळवून त्यांची खात्रीलायक संमती घेतली पाहिजे, हे या कायद्याचे सार होय. अंमलबजावणीचे काम ‘फेडरल ट्रेड कमिशन’ म्हणजे केंद्रीय व्यापार आयोगाकडे आहे. कायदा झाला तेव्हा यूट्यूब अस्तित्वात नव्हते. ते २००५ साली जन्माला आले. कायदा करणाऱ्यांच्या नजरेसमोर होती ती मुलांकडून नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक भरून घेणारी आणि बदल्यात एखादा खेळ देऊ करणारी संकेतस्थळे.

पुढे माहिती गोळा करण्याची रीतच बदलली. नाव विचारण्याची गरज उरली नाही. आपण एखादे पान उघडले की आपल्या यंत्रावर एक छोटीशी ओळखखूण ठेवली जाते. तिला ‘कुकी’ म्हणतात. त्या खुणेच्या आधारे हे यंत्र काल काय पाहत होते, आज काय पाहत आहे, कोठे थांबले, काय अर्धवट सोडले, याची नोंद होत राहते. नाव ठाऊक नसले तरी आवडनिवड ठाऊक होते, आणि जाहिरातदाराला तेवढे पुरते. हे ध्यानात घेऊन आयोगाने आपल्या नियमांत सुधारणा केली व ती जुलै २०१३ पासून लागू झाली. अशी कायमस्वरूपी ओळखखूण हीदेखील वैयक्तिक माहितीच समजली जाईल, असे तीत ठरले. त्याच सुधारणेत आणखी एक गोष्ट होती, आणि पुढील सारे रामायण तिच्यातून घडले. मुलांसाठी असलेल्या संकेतस्थळाच्या मालकाने स्वतः काहीही गोळा केले नाही, परंतु त्याच्या पानावरून दुसऱ्या कोणी ते गोळा केले, तरीही जबाबदारी त्या मालकाची राहील.

आता यूट्यूबचा व्यवहार पाहू. निर्माता चित्रफीत तयार करून आपल्या वाहिनीवर ठेवतो. ती पाहावयास पैसे लागत नाहीत. तिच्या आधी किंवा मध्ये जाहिरात दाखविली जाते. त्या जाहिरातीच्या उत्पन्नातील ५५ टक्के वाटा निर्मात्याला मिळतो, उरलेला कंपनी ठेवते. जाहिरात दोन प्रकारची असते. एक, चित्रफितीचा विषय पाहून दिलेली : स्वयंपाकाच्या चित्रफितीवर मसाल्याची जाहिरात. दुसरी, पाहणाऱ्याची मागची सारी नोंद पाहून खास त्याच्यासाठी निवडलेली. दुसऱ्या प्रकाराला जाहिरातदार अधिक दाम मोजतो. हा दुसरा प्रकार ओळखखुणेवाचून चालत नाही. आणि पडद्यासमोर पाच वर्षांचे मूल बसलेले असेल, तर त्याच्या आईवडिलांच्या संमतीवाचून ती ओळखखूण वापरणे हा कायद्याचा भंग ठरतो.

यूट्यूबचे म्हणणे अनेक वर्षे असे होते की, आमची सेवा तेरा वर्षांवरील लोकांसाठीच आहे; लहान मुलांसाठी आम्ही २०१५ साली ‘यूट्यूब किड्स’ हे वेगळे दालन उघडलेले आहे. मूळ यूट्यूबवर बडबडगीते, खेळणी आणि कार्टून यांचा महापूर लोटलेला असताना या बोलण्यावर विश्वास ठेवणे अवघड होते. एप्रिल २०१८ मध्ये मुलांच्या व ग्राहकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या वीसहून अधिक संस्थांनी एकत्र येऊन आयोगाकडे तक्रार केली. चौकशीत जे निघाले ते कंपनीला शोभा देणारे नव्हते. मॅटेल आणि हॅस्ब्रो या खेळणी बनविणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडे जाहिराती मागताना यूट्यूब सांगत होते की, मुलांपर्यंत पोहोचण्यात आम्ही दूरचित्रवाणीच्या नामांकित वाहिन्यांच्याही पुढे आहोत. आणि कायद्याचा विषय निघाला की तेच यूट्यूब म्हणत होते, आमच्याकडे तेरा वर्षांखालील प्रेक्षकच नाही. गिऱ्हाइकाला एक वजन आणि निरीक्षकाला दुसरे वजन दाखविणारा दुकानदार आपल्या बाजारातही आढळतो. हा प्रकार त्याहून निराळा नव्हता.

४ सप्टेंबर २०१९ रोजी तडजोड जाहीर झाली. गूगल व यूट्यूब यांनी १७ कोटी डॉलर भरावयाचे होते. त्यांपैकी १३ कोटी ६० लाख आयोगाला आणि ३ कोटी ४० लाख न्यूयॉर्क राज्याला. कॉपा कायद्याखाली तोपर्यंत वसूल झालेली ही सर्वांत मोठी रक्कम होती. मात्र गूगलची पालक कंपनी अल्फाबेट हिची २०१८ सालची एकूण मिळकत सुमारे १३,६८० कोटी डॉलर होती. भागाकार करून पाहिल्यास हा दंड तिच्या अर्ध्या दिवसाच्या मिळकतीहूनही कमी भरतो. आयोगाच्या पाच सदस्यांपैकी रोहित चोप्रा आणि रिबेका स्लॉटर या दोघांनी तडजोडीच्या विरोधात मत दिले. तिने कंपनीला पुरेसा धडा मिळत नाही, हा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. तीन विरुद्ध दोन अशा मतांनी तडजोड संमत झाली.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. तडजोडीतील अटीप्रमाणे यूट्यूबने अशी व्यवस्था उभारावयाची होती की, प्रत्येक वाहिनीचा मालक आपली चित्रफीत मुलांसाठी आहे की नाही, हे स्वतः सांगेल. आयोगाची भूमिका अशी की, वाहिनीचा मालक हादेखील कायद्याच्या दृष्टीने एका सेवेचा चालकच आहे. कारण त्याच्या चित्रफितीच्या निमित्ताने माहिती गोळा होते आणि तिच्या उत्पन्नाचा वाटा त्याला मिळतो. २०१३ च्या सुधारणेचे ते कलम येथे निर्मात्याच्या दारात येऊन उभे राहिले. नोव्हेंबर २०१९ मध्ये जगभरच्या निर्मात्यांना कळविण्यात आले की, प्रत्येक चित्रफितीवर ‘मुलांसाठी बनविलेली’ किंवा ‘मुलांसाठी न बनविलेली’ यांपैकी एक खूण करणे बंधनकारक आहे. जानेवारी २०२० पासून ही व्यवस्था लागू झाली.

‘मुलांसाठी’ अशी खूण केलेल्या चित्रफितीवर पाहणाऱ्याच्या नोंदीनुसार निवडलेली जाहिरात येत नाही. विषयानुसार येणारी जाहिरात तेवढी राहते. येथवर नियमाचा हेतू सरळ आहे. परंतु त्याबरोबर आणखीही बरेच काही बंद झाले. चित्रफितीखाली अभिप्राय लिहिता येत नाही. नवीन चित्रफीत आल्याची सूचना प्रेक्षकांना जात नाही. एका चित्रफितीच्या अखेरीस दुसरीकडे नेणारी चौकट लावता येत नाही. प्रेक्षकाला ती आपल्या यादीत साठवून ठेवणेही तेव्हा बंद झाले. वाहिनीचे सभासदत्व, थेट प्रक्षेपणाच्या वेळी प्रेक्षकाने द्यावयाची देणगी, हेही नाही. थोडक्यात, निर्माता आणि प्रेक्षक यांना जोडणारे जवळजवळ सगळे धागे कापले गेले. उत्पन्न घटले, आणि घटलेले उत्पन्न भरून काढण्याच्या वाटाही बुजल्या.

चुकीची खूण केली तर काय? त्या वेळी कायद्यातील कमाल दंड प्रत्येक भंगामागे ४२,५३० डॉलर होता. तेव्हाच्या दराने ही रक्कम तीस लाख रुपयांच्या घरात जाते. महागाईच्या प्रमाणात वाढत २०२५ साली ती ५३,०८८ डॉलर झाली. दर चित्रफितीमागे एवढा दंड, आणि वाहिनीवर चित्रफिती शेकड्यांनी, असा हिशेब करून अनेक छोटे निर्माते हबकून गेले. प्रत्यक्षात हा दंडाचा कमाल आकडा असतो. आयोग भंगाचे स्वरूप, कंपनीचा आकार, तिची ऐपत यांचा विचार करतो. परंतु घराच्या एका खोलीत कॅमेरा लावून काम करणाऱ्या माणसाला ‘कमाल’ या शब्दाचा दिलासा फारसा मिळत नाही.

त्याहून मोठी अडचण होती ती खूण नेमकी कोणती करावी, ही. आयोगाने काही कसोट्या दिल्या : विषय कोणता, चित्रे कशी, पात्रे काल्पनिक वा कार्टूनमधील आहेत का, संगीत कसे, भाषा किती सोपी, मुलांना आवडणारे खेळ वा कलाकार त्यात आहेत का. सगळ्यांचा साकल्याने विचार करावयाचा. नुसते भडक रंग किंवा कार्टून आहे म्हणून चित्रफीत मुलांची होत नाही, असाही खुलासा आयोगाने केला. पण ज्या चित्रफिती आजोबा आणि नातू दोघेही आवडीने पाहतात त्यांचे काय? जुनी खेळणी जमविणारे प्रौढ छांदिष्ट, बाहुल्यांचे कपडे शिवणाऱ्या स्त्रिया, संगणकावरील खेळ खेळून दाखविणारे तरुण, मोठ्यांसाठी कार्टून काढणारे चित्रकार : या सर्वांना आपण कुंपणाच्या कोणत्या बाजूला आहोत हे कळेना. आयोगाने नियमांविषयी लोकांच्या सूचना मागविल्या होत्या. डिसेंबर २०१९ पर्यंत पावणेदोन लाखांच्या आसपास सूचना आल्या. एखाद्या तांत्रिक नियमावर एवढ्या लोकांनी लेखणी उचलावी, हे विरळाच.

येथे एक विसंगती नजरेत भरते. पडद्यापलीकडे कोण आहे, त्याचे वय अंदाजे किती, त्याने आधी काय पाहिले, याची माहिती निर्मात्याजवळ नाही; ती कंपनीजवळ आहे. ओळखखूण ठेवते कंपनी, ती वाचते कंपनी, जाहिरात निवडते कंपनी. तरीही ही चित्रफीत मुलांची की मोठ्यांची, हा निवाडा प्रथम निर्मात्याने करावयाचा. कंपनी आपल्या यंत्रणेद्वारे तपासणी करते आणि चुकीची वाटलेली खूण बदलतेही. परंतु आम्ही बदलली नाही म्हणून तुमची जबाबदारी टळली, असे ती म्हणत नाही. पेढीचे वहीखाते शेटजींजवळ, आणि त्यातील चुकीबद्दल दंड भरावयाचा माल पुरविणाऱ्याने, असा काहीसा हा न्याय आहे.

परिणाम काय झाले, याचा अभ्यास बॉस्टन विद्यापीठातील गॅरेट जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आहे. अमेरिकेतील पाच हजारांहून अधिक प्रमुख वाहिन्या त्यांनी तपासल्या. तडजोडीनंतर मुलांसाठी चित्रफिती करणाऱ्या वाहिन्यांची निर्मिती १३ टक्क्यांनी घटली आणि त्यांचे पाहिले जाणे २२ टक्क्यांनी कमी झाले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. काही निर्माते मुलांचा विषय सोडून मोठ्यांच्या विषयांकडे वळले. आणि जो प्रेक्षक उरला तो अधिकाधिक प्रमाणात अगदी वरच्या, मोठ्या वाहिन्यांकडे एकवटला. यात आश्चर्य वाटावयास नको. ज्यांच्या मागे मोठे भांडवल आहे, ज्यांची खेळणी, कपडे आणि पुस्तके दुकानांत विकली जातात, त्यांचे जाहिरातीवाचूनही भागते. जो एकटा आहे, जो मन लावून पंधरा दिवसांत एक गोष्ट चित्रित करतो, त्याला मात्र हा घाव सोसत नाही. यूट्यूबने दर्जेदार बालकार्यक्रमांसाठी तीन वर्षांत दहा कोटी डॉलरचा निधी देण्याची घोषणा केली होती. ती चांगली गोष्ट. पण निधी निवडक लोकांना मिळतो, नियम सर्वांना लागतो.

मग नियम चुकीचा होता काय? प्रस्तुत लेखकाचे मत तसे नाही. निर्मात्यांच्या तक्रारी वाचताना एक गोष्ट निसटून जाण्याचा धोका आहे. जे उत्पन्न घटले, ते मुळात कशाचे होते? चार-पाच वर्षांच्या मुलाची आवड आईवडिलांच्या नकळत टिपून, ती जाहिरातदाराला पुरवून जे जादा पैसे मिळत होते, त्यांतील ५५ टक्के निर्मात्याच्या पदरात पडत होते. त्याला हे ठाऊक नसेलही. त्याने कोणाला फसविले असेही नाही. तरी तो या व्यवहारात अगदीच त्रयस्थ नव्हता. जाहिरात आणि कार्यक्रम यांतला फरक एवढ्या लहान मुलाला धड कळत नाही. खेळण्याचे खोके उघडून दाखविणारी चित्रफीत पाहताना हा आपला सवंगडी खेळतो आहे की दुकानदार माल दाखवितो आहे, हे त्याने कसे ओळखावे? अशा मुलाच्या मागे जाहिरातदाराला सोडणे अयोग्यच होते, आणि ते थांबविणे योग्यच झाले. दोष आहे तो भार वाटण्याच्या पद्धतीत. कंपनीला अर्ध्या दिवसाची मिळकत आणि निर्मात्याला आयुष्यभराची धास्ती, हे माप समान नाही.

शिवाय या नियमाची नजर पडद्यासमोरील मुलापुरतीच आहे. पडद्यावरील मुलाकडे तो पाहत नाही. अनेक कुटुंबे आपल्या मुलांचे उठणे-बसणे, वाढदिवस, आजारपण, रुसवेफुगवे यांचे चित्रण करून वाहिनी चालवितात. पाहणाऱ्या मुलाची कुकी जपली जाते, परंतु चित्रित होणाऱ्या मुलाचे सारे बालपण जगापुढे उघडे पडते, आणि संमती देणारे आईवडील हेच वाहिनीचे मालक असतात. या बाबतीत फ्रान्सने ऑक्टोबर २०२० मध्ये कायदा करून अशा मुलांच्या कामाचे तास व मिळकत यांवर बंधने आणली. अमेरिकेत इलिनॉय राज्याचा कायदा जुलै २०२४ पासून लागू झाला. चित्रफितीत काम केलेल्या मुलासाठी उत्पन्नातील वाटा वेगळा ठेवणे आता तेथे आवश्यक आहे. त्यानंतर कॅलिफोर्नियानेही तसाच कायदा केला. पैशाची सोय झाली. खासगीपणाची भरपाई कशी करावयाची, हा प्रश्न शिल्लकच आहे.

डिस्नेच्या प्रकरणाकडे पुन्हा पाहिले की भाराच्या वाटपाचे दुसरे टोक दिसते. शासनाच्या तक्रारीनुसार डिस्नेने प्रत्येक चित्रफीत तपासून खूण करण्याऐवजी संपूर्ण वाहिनीला एकच खूण लावून ठेवली होती. परिणामी ‘टॉय स्टोरी’, ‘फ्रोझन’ अशा चित्रपटांवर आधारित मुलांच्या चित्रफितीही ‘मुलांसाठी नाहीत’ या खात्यात पडल्या आणि त्यांवर लक्ष्य साधणाऱ्या जाहिराती चालू राहिल्या. जून २०२० मध्ये यूट्यूबने स्वतः डिस्नेच्या तीनशेहून अधिक चित्रफितींच्या खुणा बदलून तसे तिला कळविले होते. तरी कंपनीने आपली रीत बदलली नाही, असा आरोप आहे. जिच्या पदरी वकिलांची फौज आहे, जिचा शंभर वर्षांचा धंदाच मुलांवर उभा आहे, तिला आपली चित्रफीत मुलांची आहे हे कळले नाही, असे कोण म्हणेल? नियमाचा बडगा या वेळी योग्य जागी पडला. त्याआधी, म्हणजे २०२५ सालीच, आयोगाने कॉपाचे नियम आणखी कडक केले होते. मुलाची माहिती तिसऱ्या पक्षाला देण्यासाठी आता आईवडिलांची वेगळी संमती लागते, आणि माहिती अनिश्चित काळ साठवून ठेवता येत नाही. त्यांचे बहुतांश पालन सुरू करण्यासाठी २२ एप्रिल २०२६ ही मुदत ठरविण्यात आली.

मुलांसाठी चांगले कार्यक्रम हवेत, ते फुकट हवेत, आणि त्यांत मुलांवर पाळत नको, ही आपली अपेक्षा रास्त आहे. पण मग खर्च कोणी करावयाचा? अमेरिकेत १९६९ साली सुरू झालेली ‘सेसमी स्ट्रीट’ ही मालिका सार्वजनिक दूरचित्रवाणीवर वाढली. तेथे जाहिरातदाराला मुलाची ओळखखूण लागत नव्हती. त्याच सार्वजनिक प्रसारणाचे सुमारे ११० कोटी डॉलरचे अनुदान जुलै २०२५ मध्ये तेथील संसदेने काढून घेतले, आणि ते वाटणाऱ्या महामंडळाने पुढच्याच महिन्यात आपले काम गुंडाळत असल्याची घोषणा केली. एका हाताने मुलांच्या चित्रफितींवरील जाहिरातींना आळा घालावयाचा आणि दुसऱ्या हाताने जाहिरातीवाचून चालणारी व्यवस्था मोडावयाची, हे गणित सुटणारे नाही. अमेरिकेला नावे ठेवण्यापूर्वी आपणही आपले घर पाहावे. पुण्यात १९८४ साली सुरू झालेली ‘बालचित्रवाणी’ अनेक वाचकांना आठवत असेल. दूरदर्शनवरील तिचे शैक्षणिक कार्यक्रम पाहत महाराष्ट्रातील एक पिढी मोठी झाली. निधीअभावी क्षीण होत ती संस्था २०१७ साली बंद पडली. आज मराठी मुलासाठी गाणे किंवा गोष्ट शोधणारे आईवडील यूट्यूबवरच जातात, आणि तेथे जे मिळते ते यूट्यूबच्या हिशेबातून आलेले असते.

भारतातही कायदा झाला आहे. ‘डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम’ ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हावयाची आहेत. अमेरिकेपेक्षा आपला कायदा दोन बाबतींत पुढे जातो. अमेरिकेत तेरा वर्षांखालील मूल हे मूल. आपल्याकडे अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत. तसेच मुलांचा माग काढणे, त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती देणे, यांना अधिनियमाच्या नवव्या कलमाने मनाई केली आहे. सरकारने दिलेल्या सवलती सोडल्यास आईवडिलांची संमती असली तरीही. मुलांविषयीची बंधने मोडल्यास दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. जबाबदारी ज्याने माहिती का व कशी वापरावयाची हे ठरविले त्याच्यावर, अशी अधिनियमाची रचना असल्याने भार निर्मात्यापेक्षा कंपनीवर पडेल, असे दिसते. तसे झाले तर अमेरिकेतील चूक आपण टाळली असे म्हणता येईल.

मात्र अठरा वर्षांच्या मर्यादेमुळे नवा पेच उभा राहतो. सध्याची ‘मुलांसाठी’ ही खूण तेरा वर्षांखालील मुलांना धरून आहे. दहावीच्या विद्यार्थ्यांना बीजगणित शिकविणाऱ्या वाहिनीचा प्रेक्षक भारतीय कायद्याने मूलच आहे. त्या चित्रफितीवर आज लक्ष्य साधणारी जाहिरात चालते. ती थांबली, तर शिकविणाऱ्याचे उत्पन्न कशावर चालावयाचे? शिवाय आपल्याकडे मुलाचा स्वतःचा फोन नसतो. तो आईचा, बाबांचा किंवा आजीचा असतो, आणि खातेही त्यांचेच असते. कंपनीच्या वहीत तेथे चाळीस वर्षांची एक प्रौढ व्यक्ती चित्रफीत पाहत असते. संमती विचारावयाची वेळच येत नाही. कागदावर कितीही कडक नियम असला, तरी या घरगुती फोनपाशी तो अडखळतो.

आता थोडे आपल्या धर्मग्रामांविषयी. अनेक धर्मग्राम मिस्साचे थेट प्रक्षेपण करतात, काही ठिकाणी धर्मशिक्षणाच्या वर्गासाठी बाहुल्यांच्या गोष्टी, कृतिगीते, नाताळच्या नाटुकल्या यूट्यूबवर ठेवल्या जातात. खूण करण्याचे बंधन सर्वांना आहे; वाहिनी कोणत्या देशातील आहे, ती उत्पन्न मिळविते की नाही, याने फरक पडत नाही. ना-नफा संस्थांना कॉपा कायदा सहसा लागू होत नाही हे खरे, पण यूट्यूबने आपल्या व्यवस्थेत त्यांना वेगळे काढलेले नाही. मिस्सामध्ये मुले गाताना दिसतात एवढ्यावरून ती चित्रफीत ‘मुलांसाठी’ होत नाही. ती सर्व भाविकांसाठी आहे. पहिलीच्या वर्गासाठी केलेली बाहुल्यांची गोष्ट मात्र मुलांसाठीच आहे, आणि तिच्यावर तशी खूण करावी. मग तिच्याखाली कोणाचे अभिप्राय येणार नाहीत, नवीन भाग आल्याची सूचनाही कोणाला जाणार नाही; पालकांना ती नोटीस बोर्डावरून किंवा मिस्सानंतरच्या सूचनांतून द्यावी लागेल. संपूर्ण वाहिनीला एकच खूण लावून मोकळे होण्याचा मोह येथेही होतो. डिस्नेचे प्रकरण नेमके त्यातूनच उद्भवले.

चित्रफितीखाली बालकलाकारांची पूर्ण नावे, शाळा आणि इयत्ता लिहिण्याची आपल्याकडे हौस असते. त्यावर कोणतीही खूण उपाय करीत नाही. ती माहिती आपण स्वतःच जगाला दिलेली असते, आणि ती काढून टाकावयास कोणाच्या नियमाची वाट पाहावी लागत नाही.